ध्रुवावर हिवाळ्यात ओझोन किती नष्ट झाला हे मोजायचं कसं: फुगा सोडण्यापासून हिशोब जुळेपर्यंत

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बराचसा गोंधळ इथेच होतो. ओझोन कमी दिसणं वेगळं आणि ओझोन नष्ट होणं वेगळं. जगातलं कुठलंही यंत्र "इतका नष्ट झाला" असं सांगत नाही, ते फक्त आत्ता, इथे, या उंचीवर किती आहे तेवढं सांगतं. नष्ट किती झाला हे काढायचं तर रसायनांनी काहीच केलं नसतं तर आत्ता इथे किती असायला हवा होता हा आकडा लागतो, मग त्यातून मोजलेला आकडा वजा करायचा, आणि जे उरतं ती घट. मोजण्यात कष्ट आहेतच, पण खरं डोकं लागतं ते "किती असायला हवा होता" हे काढताना.

हे एवढं अवघड का, तर हिवाळ्यात ध्रुवाभोवती वाऱ्यांचा जो मोठा भोवरा तयार होतो, म्हणजे पोलर व्होर्टेक्स, त्याच्या आतली हवा सूर्य नसल्यामुळे थंड होत हळूहळू खाली उतरते आणि येताना वरचा जास्त ओझोन घेऊन येते. म्हणजे रसायनं गप्प बसली असती तर १८-२० किमी उंचीवर ओझोन हिवाळाभर वाढतच गेला असता. आता एकीकडून वरून भर पडतेय आणि दुसरीकडून क्लोरीन खातंय, दोन्ही जवळपास सारखं असेल तर स्टेशनवरचा ग्राफ सपाट दिसतो आणि बघणारा म्हणतो काही झालंच नाही. उत्तर ध्रुवावर हे नेहमी होतं.

दक्षिण ध्रुवावर घट इतकी प्रचंड असते की साधा ग्राफसुद्धा ओरडून सांगतो. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली स्टेशनवरच्या डॉब्सन यंत्राच्या नोंदींवरून ओझोन होल जगासमोर आणलं तेव्हा ऑक्टोबरची सरासरी जी पूर्वी ३०० डॉब्सन युनिटच्या (डोक्यावरचा एकूण ओझोन मोजायचं एकक) आसपास असायची ती २०० च्या आसपास आलेली होती, तिथे कुणाला वजाबाकीची बारीक पद्धत लागली नाही. पण त्या घटीचा वेग काढायचा असेल, किंवा एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करायची असेल, तर तिथेही हाच हिशोब करावा लागतो.

नेमकं काय घडतं ते थोडक्यात

व्होर्टेक्समध्ये ५० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) दाबाच्या थराच्या आसपास तापमान साधारण १९५ केल्विनच्या, म्हणजे उणे ७८ सेल्सियसच्या खाली गेलं की नायट्रिक आम्ल आणि पाण्याचे बारीक कण तयार होऊ लागतात, आणि १८८ केल्विनच्या आसपास शुद्ध बर्फाचे. हेच ते पोलर स्ट्रॅटोस्फेरिक ढग, सगळे त्यांना पीएससी म्हणतात. या कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीन नायट्रेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची प्रक्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो, तो अंधारात नुसता थांबून राहतो, आणि उजेड पडला की फुटून क्लोरीन अणू होतो, मग क्लोरीन मोनॉक्साइडच्या जोड्यांचं चक्र आणि ब्रोमीनचं चक्र मिळून ओझोन खायला लागतात.

या सगळ्यातून मोजणाऱ्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, तापमानाची नोंद ओझोनइतकीच महत्त्वाची. दोन, घट अंधारात होत नाही, उजेडात होते, त्यामुळे घड्याळ मोजायचं ते सूर्यप्रकाशाच्या तासांचं. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे: स्टेशनवर अंधार आहे म्हणजे तिथल्या हवेने उजेड पाहिलाच नाही असं नसतं. व्होर्टेक्समधली हवा ध्रुवाभोवती फिरत असते, कधी ती खालच्या अक्षांशावर जाऊन काही तास उन्हात राहून परत येते. साउथ पोलवर सूर्य उगवतो सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पण तिथल्या फुग्यांमध्ये ओझोन त्याआधीच घसरायला लागलेला दिसतो तो याचमुळे.

कधी सुरुवात करायची

उत्तरेला व्होर्टेक्स नीट बसला की, म्हणजे डिसेंबरच्या आसपास, आणि दक्षिणेला मे-जूनपासून. लोक चूक करतात ती ही की सूर्य परत आल्यावर मोजायला लागतात, म्हणजे उत्तरेला फेब्रुवारीत आणि दक्षिणेला ऑगस्टच्या शेवटी, आणि मग त्यांच्याकडे तुलनेला काहीच नसतं. घट सुरू व्हायच्या आधीची पातळी, तिला आपण बेसलाइन म्हणू, ती अंधारातच मोजून ठेवावी लागते. ती चुकली तर पुढचा सगळा हिशोब तेवढ्यानेच चुकतो. शेवट कधी करायचा तर व्होर्टेक्स फुटेपर्यंत, उत्तरेला हे मार्च-एप्रिल, कधी त्याच्याही आधी, आणि दक्षिणेला नोव्हेंबर-डिसेंबर. फुटल्यावर आतबाहेरची हवा मिसळते आणि मग वजाबाकीला अर्थ राहत नाही.

अंधारात चालणारं यंत्र निवडा

डॉब्सन आणि ब्रूअर ही दोन जुनी, भरवशाची यंत्रं, दोन्ही सूर्याच्या अतिनील प्रकाशात ओझोन किती शोषला जातो त्यावरून डोक्यावरचा एकूण ओझोन देतात. ध्रुवीय रात्रीत सूर्यच नाही, तर यांचं काय करायचं? पौर्णिमेच्या आगेमागे चंद्रावर रोखून मोजता येतं, साउथ पोलवर डॉब्सनने असं करतात, पण महिन्यातले मोजके दिवस आणि तेही आकाश मोकळं असेल तर. सूर्य क्षितिजाला चिकटून असताना घेतलेल्या मापावरही फार विसंबू नका, कारण यंत्राच्या आत भरकटलेला प्रकाश शिरतो आणि ओझोन खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे आपण जी घट शोधतोय नेमकी तशीच खोटी घट. डबल ब्रूअरला, म्हणजे प्रकाश दोनदा गाळणाऱ्या ब्रूअरला, हा त्रास बराच कमी आहे.

सॅओझ नावाचं उपकरण मात्र नेमकं याच वेळेसाठी बनवलेलं आहे, फ्रान्सच्या पोमेरो आणि गुताय यांनी. ते सूर्याकडे बघतच नाही, सरळ डोक्यावरच्या आकाशाचा दृश्य प्रकाश घेतं, पहाटे आणि संध्याकाळी सूर्य जवळपास क्षितिजावर असताना, आणि ओझोनच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातल्या शोषणावरून एकूण ओझोन काढतं. ढग असले तरी चालतं आणि त्या पट्ट्यावर तापमानाचा परिणाम फार होत नाही, ध्रुवावर ही मोठी सोय आहे. फक्त लक्षात ठेवा की ते माप बरोब्बर डोक्यावरचं नसतं, सूर्याच्या दिशेला साधारण शे-दोनशे किलोमीटर सरकलेलं असतं, व्होर्टेक्सची कड जवळ असेल तर हा फरक भोवतो.

लायडार रात्रीच चालतं, ३०८ नॅनोमीटरचा लेझर जो ओझोन शोषतो आणि ३५३ किंवा ३५५ चा जो जवळजवळ शोषत नाही, दोन्हींच्या परतीच्या प्रकाशातला फरक बघायचा. खाली ढग असले तर काम बंद, आणि वर पीएससी असले तर आकडे बिघडतात, म्हणजे नेमक्या सगळ्यात इंटरेस्टिंग रात्री जास्त सांभाळून बघावं लागतं. मायक्रोवेव्ह रेडिओमीटरला ना सूर्य लागतो ना चंद्र, ओझोन स्वतः जी किरणं सोडतो, ११० किंवा १४२ गिगाहर्ट्झच्या आसपास, ती ऐकत बसायचं, चोवीस तास. पण उंचीचा तपशील जाडाभरडा मिळतो, ८-१० किलोमीटरचा थर एकत्र.

सॅटेलाइटमध्ये ओएमआय आणि ओएमपीएससारखी अतिनीलवाली उपकरणं ध्रुवीय रात्रीत आंधळी असतात, त्यांच्या नकाशात मधोमध जो रिकामा गोल दिसतो तो ओझोन होल नसून डेटा नसलेला भाग असतो, हे बरेच जण चुकतात. ऑरा सॅटेलाइटवरचं एमएलएस, २००४ पासूनचं, हे मात्र मायक्रोवेव्हवर चालतं म्हणून अंधारातही बघतं, दोन्हीकडे ८२ अंशांपर्यंत, आणि ओझोनसोबत नायट्रस ऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल, क्लोरीन मोनॉक्साइड, नायट्रिक आम्ल हे सगळं एकाच वेळी देतं. या विषयाला इतकं उपयोगी पडलेलं दुसरं सॅटेलाइट उपकरण मला तरी सांगता येणार नाही.

आणि मग ओझोनसोंड. फुग्याला बांधून पाठवायचं छोटं रासायनिक सेल. अंधार, ढग, पीएससी, कशानेच अडत नाही, १००-१५० मीटरच्या बारकाईने थरन्‌थर मोजून देतं. ध्रुवीय हिवाळ्यातलं माप म्हटलं की माझ्या मते पहिला क्रमांक याचाच, म्हणून ते जरा नीट बघू.

ओझोनसोंड तयार करणं

आत दोन छोट्या कुप्या असतात, कॅथोड आणि अॅनोड, दोन्हीत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, कॅथोडमध्ये पातळ आणि अॅनोडमध्ये संपृक्त. टेफ्लॉनचा पंप बाहेरची हवा कॅथोडमधून बुडबुडे काढत नेतो, ओझोनच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वाहतात, आणि तो करंट मोजला की ओझोन कळला. इतकं सरळ आहे, म्हणूनच तयारीतली प्रत्येक बारीक गोष्ट थेट आकड्यात उतरते.

काही दिवस आधी पहिली तयारी करायची. पंप आणि नळ्यांमधून भरपूर ओझोन फिरवून आतला मळ जाळून टाकायचा, मग कॅथोडमध्ये ३ मिली आणि त्यानंतरच अॅनोडमध्ये १.५ मिली द्रावण घालायचं, हा क्रम उलटा करायचा नाही. दोन्ही तारा जोडून सेल स्वच्छ, अंधाऱ्या जागी ठेवून द्यायचा. द्रावण किती टक्क्यांचं वापरायचं हे सोंड कुठल्या बनावटीचं आहे त्यावर ठरलेलं असतं, एकाला १ टक्का पूर्ण बफर आणि दुसऱ्याला अर्धा टक्का अर्धा बफर, आणि हे अदलाबदल झालं तर काही टक्क्यांची चूक घुसते जी नंतर ग्राफ बघून कुणालाच ओळखता येत नाही. बाटलीवर आणि वहीत दोन्हीकडे लिहा.

उडवायच्या दिवशी द्रावण बदला, ५ मायक्रोअँपियर येईल एवढा ओझोन दहा मिनिटं द्या, मग एकदम ओझोन नसलेल्या हवेवर टाका आणि करंट ४ वरून १.५ वर यायला किती सेकंद लागतात ते बघा, साधारण २० ते ३० सेकंद आले तर सेल चपळ आहे. त्यानंतर तसंच दहा मिनिटं ठेवून जो करंट शिल्लक राहतो तो बॅकग्राउंड करंट, ०.०५ च्या आसपास किंवा कमी हवा. पंपाचा फ्लो साबणाच्या बुडबुड्याच्या नळीवर मोजा, १०० मिलीला साधारण २८-३० सेकंद लागतात, पाच वेळा घेऊन सरासरी, आणि खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवा कारण कोरड्या खोलीत साबणाच्या पाण्याच्या वाफेमुळे फ्लो एक-दोन टक्के जास्त दिसतो. ध्रुवावरच्या हीटर लावलेल्या खोल्या भयंकर कोरड्या असतात.

बॅकग्राउंडवर मी एवढा जोर का देतोय ते आकड्यात बघा. सूत्र असं: ओझोनचा दाब मिलिपास्कलमध्ये = ०.०४३०८५ × पंपाचं तापमान केल्विनमध्ये × (करंट वजा बॅकग्राउंड, मायक्रोअँपियरमध्ये) ÷ फ्लो, मिली प्रति सेकंद. पंप ३०० केल्विनला, फ्लो ३.५७ धरला तर नेहमीच्या १५ मिलिपास्कल ओझोनला करंट येतो ४ मायक्रोअँपियरच्या थोडा वर, तिथे ०.०५ इकडेतिकडे झालं तर कुणाला फरक पडत नाही. पण ओझोन होलच्या मधोमध जिथे ओझोन ०.३ मिलिपास्कल उरलाय तिथे करंट येतो फक्त ०.०८. म्हणजे सिग्नल आणि बॅकग्राउंड जवळपास एकाच मापाचे! "१६ किलोमीटरवर ओझोन जवळजवळ शून्य" हे वाक्य लिहायची हिंमत तुमची आहे की नाही, हे त्या दिवशी सकाळी टेबलावर त्या दहा मिनिटांत ठरतं.

फुग्याचंही बघावं लागतं. उणे ८०-९० सेल्सियसला साधा रबरी फुगा कडक होऊन लवकर फुटतो, कधी कधी नेमका आपल्याला हवा त्या थराच्या खालीच, त्यामुळे साउथ पोलवर हिवाळ्यात पातळ प्लॅस्टिकचे फुगे वापरतात. फुगा आणि सोंड यांच्यात निदान ३०-५० मीटर दोरी सोडा म्हणजे फुग्याच्या मागची ढवळलेली हवा मापात येत नाही. सोंड थर्मोकोलच्या डब्यात नीट बंद, द्रावण गोठलं की संपलं. चढण्याचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास ठेवा.

मिळालेल्या फाइलचं काय करायचं

वर गेल्यावर हवा विरळ झाली की पंप कमी हवा ओढतो, १० हेक्टोपास्कलला हा फरक ५ टक्क्यांच्या आसपास, त्याची ठरलेली दुरुस्ती लावा. दाबाचा सेन्सर वापरत असाल तर १० हेक्टोपास्कलला १ ची चूक म्हणजे हवेतल्या ओझोनच्या प्रमाणात सरळ १० टक्के, म्हणून जीपीएसच्या उंचीवरून दाब काढणं बरं.

मग प्रत्येक थरासाठी दोन गोष्टी काढा. पहिली मिक्सिंग रेशो, म्हणजे ओझोनचा दाब भागिले हवेचा दाब. ४५ हेक्टोपास्कलला १३.५ मिलिपास्कल असेल तर ३.० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंत ओझोनचे तीन. दुसरी पोटेन्शियल टेम्परेचर, तापमान गुणिले (१००० भागिले दाब) चा ०.२८६ वा घात. तिथेच तापमान १९५ केल्विन असेल तर उत्तर येतं साधारण ४७३ केल्विन. उंचीऐवजी हे का वापरायचं तर हवा वर-खाली हलली, दबली-फुगली तरी काही दिवसांच्या काळात हा आकडा फारसा बदलत नाही, तो हवेच्या त्या तुकड्यासोबत फिरतो. किलोमीटरमध्ये तुलना केली की हवामानाचे चढउतारच मोजत बसाल. ध्रुवावरच्या घटीचा मुख्य पट्टा ३८० ते ५५० केल्विनमध्ये येतो, त्याच्या वर नायट्रोजनवाली वेगळी रसायनं काम करतात, ती या हिशोबात मिसळू नका.

फुगा फुटला त्याच्या वरचा ओझोन क्लायमॅटॉलॉजीच्या, म्हणजे अनेक वर्षांच्या सरासरीच्या, टेबलमधून घ्या. शेवटचा मिक्सिंग रेशो तसाच वरपर्यंत धरण्याची जुनी पद्धत ध्रुवीय हिवाळ्यात फसवते. आणि सोंडचा बेरीज केलेला ओझोन ब्रूअरशी जुळावा म्हणून सगळं प्रोफाइल सरसकट गुणून घेऊ नका, जुळत नसेल तर का नाही ते शोधा.

आत की बाहेर

हे न करता पुढे गेलात तर सगळं वाया. व्होर्टेक्स जागेवर बसलेला नसतो, तो डोलतो, लांबुळका होतो, आणि तुमचं स्टेशन आज आत तर तीन दिवसांनी बाहेर असू शकतं, त्या नुसत्या सरकण्याने एकूण ओझोन ५०-१०० डॉब्सन युनिट वर-खाली होतो आणि त्यात एक रेणूही नष्ट झालेला नसतो. यासाठी पोटेन्शियल व्होर्टिसिटी, म्हणजे हवेच्या गरगरण्याचं माप, बघतात, ईआरए५ किंवा मेरा-२ सारख्या रीअॅनालिसिसमध्ये (जुनी मापं आणि मॉडेल जुळवून केलेल्या हवामानाच्या नोंदींमध्ये) ती फुकट मिळते, आणि ती जिथे सगळ्यात झपाट्याने बदलते ती व्होर्टेक्सची कड. कड प्रत्येक थराला वेगळी काढा, कारण स्टेशन ४७५ केल्विनच्या थराला आत आणि ५५० ला बाहेर असं सर्रास होतं, आणि ४०० च्या खाली तर व्होर्टेक्सची भिंत बरीच गळकी असते. कडेवरचे फुगे सरळ बाजूला काढा, डेटा कमी झाला तरी चालेल.

आता मुख्य काम: किती असायला हवा होता

चार रस्ते आहेत. जमलं तर दोन वापरा, एकावर भागवू नका.

सगळ्यात सोपा म्हणजे व्होर्टेक्सची सरासरी आणि उतरण्याचा हिशोब. समजा १ जानेवारीला आतल्या सगळ्या फुग्यांची सरासरी ४६० केल्विनला ३.० पीपीएम आणि ५०० केल्विनला ३.४ पीपीएम आहे. मार्चअखेर ४६० ला मोजलं तर २.० पीपीएम. साधी वजाबाकी म्हणते १.० गेला. पण रेडिएशनच्या, म्हणजे हवा उष्णता गमावून किती थंड झाली त्याच्या, हिशोबाने कळलं की मार्चमध्ये ४६० ला असलेली हवा जानेवारीत ५०० ला होती, म्हणजे ती ३.४ घेऊन निघाली होती, तर खरी घट १.४ पीपीएम. जवळपास दीडपट फरक, फक्त हवा खाली उतरते हे धरल्यामुळे. उतरण्याचा वेग रीअॅनालिसिसच्या हीटिंग रेटमधून घेता येतो किंवा नायट्रस ऑक्साइडचे थर खाली कसे सरकतात त्यावरून तपासता येतो, आणि तो तपासाच, कारण या पद्धतीतली मोठी चूक तिथूनच येते.

दुसरा रस्ता ट्रेसरचा, म्हणजे हवेची खूण म्हणून वापरायच्या टिकाऊ वायूचा. नायट्रस ऑक्साइड शंभरावर वर्षं टिकतो, हिवाळाभरात त्याला काही होत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला व्होर्टेक्सच्या आत नायट्रस ऑक्साइड किती असेल तर ओझोन किती, याचा एक नीट वक्र मिळतो. हवा कितीही उतरो, वक्र तोच राहायला हवा. मार्चमध्ये बिंदू त्या वक्राच्या खाली पडले तर खाली किती ती घट. सुंदर पद्धत आहे, उतरण्याचा वेगच लागत नाही. पण बाहेरची हवा आत मिसळली तरी वक्र वाकतो, म्हणून व्होर्टेक्स घट्ट बंद असलेल्या हिवाळ्यातच हिच्यावर विसंबायचं, आणि सुरुवातीचा वक्र व्होर्टेक्स पूर्ण बसल्यावर घ्यायचा, आधी नाही.

तिसरा रस्ता "मॅच" नावाच्या पद्धतीचा, आणि मला स्वतःला सगळ्यात पटणारा. फॉन डेर गाथेन, रेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१-९२ च्या हिवाळ्याच्या डेटापासून ही पद्धत उभी केली. कल्पना अशी की एका स्टेशनवर मोजलेला हवेचा तुकडा वाऱ्याच्या हिशोबाने पुढे कुठे जातो ते काढायचं आणि काही दिवसांनी तो दुसऱ्या स्टेशनवरून जाईल तेव्हा तिथे पुन्हा फुगा सोडायचा. तोच तुकडा दोनदा मोजला, मग आडवी वाहतूक, सरासरी, काही भानगड राहत नाही, प्रवासातलं थोडं उतरणं धरलं की झालं. १९९४-९५ पासून तीसेक स्टेशनं एकमेकांशी बोलून असे फुगे सोडायला लागली, फोन येतो की उद्या अमुक तासाला उडवा. अशा शेकडो जोड्यांमध्ये ओझोनमधला फरक एका अक्षावर आणि वाटेत मिळालेले उन्हाचे तास दुसऱ्यावर ठेवले की रेषेचा उतार म्हणजे उन्हाच्या एका तासाला इतके पीपीबी (पीपीएमचा हजारावा भाग) घट. यातली सगळ्यात भक्कम गोष्ट ही की उन्हाचे तास आणि अंधाराचे तास वेगवेगळे घालून पाहिलं तर अंधाराचा वाटा शून्याजवळ येतो, म्हणजे रसायनशास्त्र जे सांगतं तेच डेटा स्वतःहून सांगतो. एका जोडीवर मात्र काहीच बोलू नका, मार्गाचा हिशोब शेकडो किलोमीटर चुकू शकतो, म्हणून दोन्ही मापं ४००-५०० किलोमीटरच्या आत जुळतील आणि आजूबाजूचे मार्ग फार फाकणार नाहीत अशाच जोड्या ठेवतात.

चौथा रस्ता मॉडेलचा. स्लिमकॅट किंवा रेप्रोबस यांसारख्या मॉडेलमध्ये हिवाळ्याच्या सुरुवातीला एक "निष्क्रिय ओझोन" सोडतात, जो फक्त वाऱ्याबरोबर फिरतो, नष्ट होत नाही. स्टेशनवर रोज निष्क्रिय वजा मोजलेला, झाली घट. सॅओझच्या स्टेशनांची घट अशीच काढतात. सुरुवातीला मॉडेल आणि माप जुळतंय का ते अंधारातल्या बेसलाइनवर आधी बघा, तेच नसेल जुळत तर पुढचं काही धरू नका.

पीपीएमवरून डॉब्सन युनिट

लोकांना शेवटी एकूण आकडा हवा असतो. प्रत्येक थराची घट पीपीएममध्ये गुणिले थराची जाडी हेक्टोपास्कलमध्ये गुणिले ०.७८९. म्हणजे ६० ते ३० हेक्टोपास्कलच्या पट्ट्यात सगळीकडे १.४ पीपीएम गेला असेल तर ३० × १.४ × ०.७८९, साधारण ३३ डॉब्सन युनिट. ३८० ते ५५० केल्विनचे सगळे थर असे बेरजेत घ्या आणि आकड्यासोबत तो पट्टा नेहमी लिहा, दोन अभ्यासांमध्ये आकडे वेगळे दिसण्याचं कारण बऱ्याचदा इतकंच असतं की पट्टा वेगळा होता. २२० डॉब्सन युनिटची जी रेघ ओझोन होलसाठी वापरतात ती एकूण ओझोनची आहे, घटीची नाही.

स्वतःलाच उलटतपासणी

तापमान हिवाळाभर पीएससीच्या उंबरठ्याच्या वर राहिलं आणि तरी तुमची घट मोठी येतेय, तर हिशोबात गडबड आहे, परत बघा. जानेवारी २०१९ मध्ये उत्तरेला अचानक स्ट्रॅटोस्फिअर तापून व्होर्टेक्स मोडला, अशा वर्षी मोठी घट निघालीच नाही पाहिजे. उलट २०१०-११ आणि २०१९-२० हे दोन हिवाळे थंडी लांबलेले, व्होर्टेक्स घट्ट, २०११ ला १८-२० किलोमीटरच्या पट्ट्यात ८० टक्क्यांहून जास्त ओझोन गेला आणि २०२० च्या वसंतात १८ किलोमीटरच्या आसपास ९० टक्क्यांच्याही वर. तुमची पद्धत बरोबर आहे का हे बघायला ही तीन वर्षं आधी चालवून बघा, तिन्ही ओळखू आली तरच नव्या वर्षाला हात घाला. पीएससी तयार होऊ शकेल अशा थंड हवेचं हिवाळ्यातलं सरासरी आकारमान आणि घट यांचं उत्तरेला जवळपास सरळ रेषेचं नातं आहे, आपला बिंदू त्या रेषेपासून फार लांब पडला तर कारण शोधायचं. १९९१ च्या पिनाटुबोसारखा किंवा २०१५ च्या काल्बुकोसारखा ज्वालामुखी हे असं एक खरं कारण असू शकतं, कारण त्याचे गंधकाचे कणही पीएससीचं काम करतात.

एमएलएसमध्ये क्लोरीन मोनॉक्साइड वाढलेला आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घटलेलं त्याच थरात, त्याच आठवड्यांत दिसतंय का तेही बघा. ओझोन घटला आणि क्लोरीन जागचं हललंच नाही, तर ती बहुतेक वाहतूक आहे.

स्टेशन नसेल तर

फुगा, लायडार काहीही नसताना हे सगळं करता येतं आणि करावं असं मला मनापासून वाटतं. डब्ल्यूओयूडीसी आणि एनडॅक या ओझोनच्या मापांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहांत न्यू ऑलेसुंड, साउथ पोल, हॅली, नॉयमायर अशा ठिकाणांची मापं खुली आहेत, एमएलएसचा डेटा नासाकडून फुकट मिळतो, रीअॅनालिसिस फुकट, हवेचे मार्ग काढायला हायस्प्लिट फुकट. सुरुवात करायची तर २०१९-२० चा उत्तरेचा हिवाळा घ्या, एमएलएसचा ओझोन आणि नायट्रस ऑक्साइड, फक्त व्होर्टेक्सच्या आतले, आधी डिसेंबरचा वक्र काढा आणि त्यावर मार्चचे बिंदू टाका. मग तोच हिवाळा उतरण्याच्या पद्धतीने करा. दोन उत्तरं दहा-वीस टक्क्यांत आली तर काम जमलं, नाही आली तर आधी व्होर्टेक्सची कड आणि मग उतरण्याचा वेग, याच क्रमाने शोधा.

आणि स्वतः सोंड उडवत असाल तर फाइलसोबत द्रावणाची टक्केवारी, बॅकग्राउंड, फ्लो, पंपाचं तापमान आणि कुठली दुरुस्ती लावली हे सगळं जोडून संग्रहात टाका, कच्चा करंट सुद्धा. जुन्या स्टेशनांच्या जुन्या नोंदी गेल्या काही वर्षांत पुन्हा दुरुस्त करून एकसारख्या केल्या गेल्या, आणि ते जमलं ते जिथे कुणीतरी कच्चे आकडे जपून ठेवले होते तिथेच.